तेलुगूला ‘पूर्वेची इटालियन’ म्हणतात. विहीणबाईंसमोर तसं म्हणू का?

कुर्डू (सोलापूर):

येत्या मार्गशीर्षात माझ्या मुलाचं लग्न आहे, हनमकोंड्याला. मुलगी तेलुगू, माणसं पिढ्यानपिढ्या तिकडचीच. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही घरच्यांनी चार शब्द बोलायचे असं ठरलंय आणि आमच्याकडून मी बोलणार आहे. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे उभं राहून बोलायची भीती नाही. जे बोलेन ते खरं असावं, एवढीच काळजी आहे.

मला त्यांच्या भाषेबद्दल बोलायचंय, कारण ती भाषा मला या लग्नामुळे भेटलेली नाही. माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. आमच्या भिंतीपलीकडे पद्मशाली कुटुंब राहायचं. दिवसभर मागाची खटखट, आणि दुपारी मधल्या अंगणात त्यांची अव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. तेंदूची पानं ओल्या फडक्यात, शेजारी कात्री, आणि तोंडानं अखंड तेलुगू. मला शब्द कळत नव्हते. पण एक गोष्ट तेव्हाच कानाला लागली होती. आमच्या आईचं वाक्य संपलं की दाराला कडी घातल्यासारखं संपायचं. अव्वाचं वाक्य संपलं तरी दार उघडंच राहायचं, त्यातून पुढचं वाक्य आपसूक बाहेर यायचं.

पितृपक्षातल्या अमावास्येला गल्लीत बतुकम्मा सुरू व्हायची. पितळी ताटात कुर्डूचे तुरे, तरवडाची पिवळी फुलं, झेंडू असे थरावर थर रचायचे, बायका टाळ्या देत त्याभोवती गोल फिरायच्या आणि गाण्याची प्रत्येक ओळ ‘उय्यालो’वर येऊन टेकायची. उय्याला म्हणजे झोका. हादग्याची गाणी मला सगळी येत होती, तरी मी त्या रिंगणात जाऊन उभी राहायची, फक्त ‘उय्यालो’ म्हणायला. इथलं माझं ‘कुर्डू’ हे नाव त्या ताटातलं आहे. तिकडे त्या फुलाला गुनुगु म्हणतात.

आणि हेही लिहायला हवं, की शाळेतून येताना बाकीच्या मुलांबरोबर मीही अव्वाच्या नातवाला ‘अंडुगुंडु, अंडुगुंडु’ म्हणून चिडवायची. एकदा अव्वानं ऐकलं. ती ओरडली नाही. हातातली विडी सुपात ठेवली, मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “गुंडु अंटे तेलुसा?” म्हणजे गुंडु कशाला म्हणतात ठाऊक आहे का? नातू नुकताच तिरुपतीहून आला होता. तिनं माझा हात धरून त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून फिरवला आणि म्हणाली, “गुंडु!” तो हसला, अव्वा हसली. मी रडत घरी गेले. त्या दिवशी मला कळलं की आपण ज्याला नुसता आवाज समजत होतो तो शब्द आहे.

आता प्रश्न. मी वाचलं की पंधराव्या शतकात विजयनगरला आलेल्या निकोलो दे कोंती नावाच्या व्हेनिसच्या प्रवाशानं तेलुगूला ‘पूर्वेची इटालियन’ म्हटलं, कारण दोन्ही भाषांतले शब्द स्वरांवर संपतात. हे भाषणात सांगावं असं पहिल्यांदा वाटलं. मग मनात खुपायला लागलं. हनमकोंड्याच्या बाईंची भाषा गोड आहे हे सांगायला मी इटलीला कशाला जाऊ? हे नाव खरंच त्यानं दिलंय का? आणि भाषेच्या आवाजावरून आपल्याच माणसांनी ठेवलेली नावं आहेत का? मराठीसाठी अमृताशी लावलेली पैज आणि फादर स्टीफन्सची मोगरी मला पाठ आहेत, ती सोडून सांगा.

आर्नोकाठ:

ताई, मी चौदा वर्षं फ्लॉरेन्समध्ये राहतो, म्हणून इटालियन बाजू माझ्याकडे.

कोंती १४२०च्या सुमारास विजयनगरला गेला, हे खरं. प्रवासात जीव वाचवण्यासाठी त्याला धर्म सोडावा लागला होता, म्हणून परतल्यावर तो पोपकडे क्षमा मागायला गेला. पोप चौथा युजीन याचा सचिव पोज्जो ब्राच्चोलिनी यानं त्याची सगळी हकिगत लॅटिनमध्ये लिहून ठेवली. मी ती भाषांतरातून वाचली आहे. डोंगरांच्या पायथ्याशी वसलेलं, साठ मैलांच्या घेराचं शहर, हत्ती, हिरे, सणवार, सगळं आहे. तेलुगू आणि इटालियनची तुलना मात्र मला त्यात कुठंही सापडली नाही. लोक ते वाक्य कोंतीच्या नावावर घालतात, पण मी तुमच्या जागी असतो तर त्याचं नाव घेऊन बोललो नसतो.

दुसरी अडचण जास्त मजेची आहे. कोंती मूळचा किओज्जाचा, म्हणजे व्हेनिसच्या खाडीतला. त्या काळी ‘इटालियन’ अशी सगळ्यांची एक बोलीभाषा नव्हती. देशच १८६१ साली एक झाला. कोंतीची घरची बोली व्हेनेशियन, आणि व्हेनेशियन माणसं न, ल, र यांच्यानंतरचा शेवटचा स्वर बऱ्याचदा टाकून देतात. इटालियनमध्ये पाव म्हणजे ‘पाने’, द्राक्षाची दारू ‘वीनो’, कुत्रा ‘काने’. व्हेनिसमध्ये हेच ‘पान’, ‘वीन’, ‘कान’. शेवटच्या स्वराचं कौतुक करायला नेमका त्या गावचा माणूस आला असेल, हे मला पटत नाही.

तरी तुलना खोटी नाही, आणि ती मला पुस्तकात नाही, बसस्टॉपवर पटली. इथले जुने लोक परकीय शब्दाला उघड्या व्यंजनावर सोडतच नाहीत. बसला ‘आउतोबुस्से’ म्हणतात, ट्रामला ‘त्राम्मे’. आधी व्यंजन दुप्पट करायचं, मग त्यावर स्वर बसवायचा. माझ्या हैदराबादच्या रूममेटनं हे पहिल्यांदा ऐकलं आणि तो रस्त्यातच थांबला. त्याच्या घरी बसला ‘बस्सु’ म्हणतात, पेनला ‘पेन्नु’, रोडला ‘रोड्डु’. तीच युक्ती. हजारो मैलांवरच्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या दोन भाषांनी एकाच इंग्रजी शब्दाची एकाच पद्धतीनं सोय लावली. त्या दिवसापासून मी त्या टोपणनावाकडे थोड्या मायेनं बघतो, ते दिलं कुणी का असेना.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला धरून एक इथलं. इथला जुना कवी दान्ते भाषा ओळखायचा ‘हो’ या शब्दावरून. दक्षिण फ्रान्समध्ये हो म्हणजे ‘ओक’, उत्तरेत ‘ओइल’, इटलीत ‘सी’. आपल्या देशाला तो ‘जिथं सी निनादतं तो सुंदर देश’ म्हणतो. त्या ‘ओक’वरून पुढे फ्रान्समधल्या एका अख्ख्या प्रांताचं नाव पडलं, लांगदोक, म्हणजे ओकची भाषा. होकारावरून भाषेला नाव. लग्नाच्या भाषणात हे चालेल असं वाटतं.

मागवाला:

कुर्डूताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. मी पण पूर्व भागातलाच, आता भिवंडीला असतो. इथं पण आपलीच माणसं मागावर आहेत. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि सोलापूरचा म्हटल्यावर ‘का बे’ तोंडातून जात नाही.

‘अंडुगुंडु’ आम्ही रोज ऐकायचो. आमच्या वर्गात एक मास्तर होते, ते पण हजेरी घेताना म्हणायचे, अख्खा वर्ग हसायचा. मी घरी येऊन अम्माला म्हणालो होतो की शाळेच्या वाटेवर माझ्याशी तेलुगू बोलू नको. आठ-नऊ वर्षांचा असेन. ती खरंच बोलायची थांबली. फाटकापासून शाळेपर्यंत ती मराठी बोलायची, मोडकंतोडकं, सगळ्या शब्दांना शेवटी उ लावून. ‘बाळु, डब्बु खाऊन घे.’ ते आता आठवलं की कसंतरी होतं.

पण एक बघा. चिडवणाऱ्यांनी जे दोन शब्द बनवले ते दोन्ही ‘उ’वर संपतात. म्हणजे ऐकलं त्यांनी बरोबरच. तुमच्या त्या इटलीवाल्यानं (असलाच तर) जे ऐकलं तेच.

आमच्यातली माणसं आपल्या भाषेला काय म्हणतात ते सांगतो. तेलुगूला ‘तेनुगु’ पण म्हणतात, जुना शब्द आहे. आणि मधाला म्हणतात ‘तेने’. तर तेने म्हणून तेनुगु, असं आमच्याकडे आजोबा नातवाला सांगतोच. विद्वान म्हणतात नाव तिथून आलेलं नाही, ‘तेन’ म्हणजे दक्षिण, त्यावरून आलं असेल. असू दे. मी मुलीला मधाचंच सांगितलंय.

दुसरं, शिकलेली माणसं ‘अजंत भाषा’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं औरंगाबादकडच्या लेण्यांचा काही संबंध आहे. तसं नाही. तुम्ही शाळेत हलन्त शिकवला असेल ना, पाय मोडलेला? त्याच्या उलट. पाणिनीच्या व्याकरणात सगळे स्वर म्हणजे ‘अच्’ आणि व्यंजनं म्हणजे ‘हल्’. अच् ज्याच्या अंती तो अजन्त. म्हणजे जिच्या शब्दांचा पाय मोडत नाही ती भाषा.

अगदी शंभर टक्के तसं नाही हं. भाताला आम्ही ‘अन्नं’ म्हणतो, तिथं शेवटी म् लागतो, जुन्या पुस्तकात ‘अन्नमु’ असतं. पण बाकी बघा. नीळ्ळु म्हणजे पाणी, पालु म्हणजे दूध, इल्लु म्हणजे घर. मांजर ‘पिल्लि’, आणि मांजरं ‘पिल्लुलु’. पुढच्या लु-ला बघून मागचा इ पण उ होतो. एक स्वर बदलला की शेजारचा त्याच्यासारखा होतो. मागावर एक धागा ओढला की शेजारचा हलतो तसं.

तर्कट:

मुळात कुठलीही भाषा गोड किंवा कडू नसते. ज्याला जी सवय त्याला ती गोड. ‘युनेस्कोनं बंगालीला जगातली सर्वांत गोड भाषा ठरवलं’ हे व्हॉट्सअॅपवर फिरतं, तेही असंच. युनेस्को असल्या स्पर्धा घेत नाही. जर्मन कर्कश, फ्रेंच नाजूक, हे सगळे पूर्वग्रह आहेत. अशी नावं भाषणात न घेतलेली बरी.

कुर्डू:

तर्कट, युनेस्कोचं बरं सांगितलंत, तो निरोप मलाही आला होता. पण सवयीचं पटलं नाही. मला अव्वाची भाषा समजत नव्हती, घरची नव्हती, आणि तिला हसायला मला शिकवलेलं होतं. तरी मी त्या रिंगणात जाऊन ‘उय्यालो’ म्हणायची. ते कानानं ओढून नेलं होतं, सवयीनं नाही.

मागवाला, दादा, तुमच्या आईचं वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ बसले. हजेरी घेताना मीही कुणाला दुखावलं असेल का, ते आठवत होते.

जुनं पान:

मी प्राकृत शिकवायचो, आता निवृत्त. ताई, आपल्याच माणसांनी ठेवलेली नावं विचारलीत. नावं नाहीत, पण त्याहून जुनी वस्तू दाखवतो.

इसवी सन ७७९. राजस्थानातल्या जालोरला उद्द्योतनसूरी नावाचे जैन आचार्य ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा लिहून पुरी करतात. त्यांनी काळजीपूर्वक नोंदवलंय की शक ७०० पुरं व्हायला एक दिवस कमी होता. कथेतला राजपुत्र दक्षिणेतल्या विजयापुरीच्या बाजारात शिरतो. देशोदेशीचे व्यापारी आपापल्या भाषेत बोलतायत, आणि आचार्य प्रत्येकाच्या बोलण्याचा दोन-तीन शब्दांचा तुकडा आपल्या कानावर टाकत जातात. मध्यदेशाचे, म्हणजे गंगा-यमुनेकडचे, लोक म्हणतात ‘तेरे मेरे आउ’. हे तर आजही स्टेशनवर ऐकू येतं. लाटाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे, ‘अम्हं काउं तुम्हं’. ताजिकांचं, म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांचं, त्यांना नुसतं ‘इसि किसि मिसि’ ऐकू आलं.

मराठे येतात ते धट्टेकट्टे, ठेंगणे, सावळे, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर. आणि म्हणतात काय? ‘दिण्णले गहिल्ले’. दिले, घेतले. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसानं मराठीला ओळखलं ते तिच्या ‘ल’वरून. गेला, आला, दिलं, घेतलं, सगळा आपला भूतकाळ ज्या ल-वर उभा आहे तो. वर्गात हा श्लोक वाचताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. कोरीव लेखातली मराठी राजाच्या तोंडची असते. ही बाजारातली आहे, देण्याघेण्याची.

आता आंध्र बघा. देखणे, लढाऊ, जेवणाला भक्कम, आणि बोलतात ‘अटि पुटि रटि’. म्हणजे जालोरच्या त्या आचार्यांचं ‘अंडुगुंडु’च. पण मागवाल्यांनी जे म्हटलं ते इथंही लागू. तिन्ही तुकडे स्वरावर संपतात. कोंतीच्या साडेसहाशे वर्षं आधी आपल्याकडच्या एका कानानं ते टिपलं होतं. इटलीला जायची गरज नाही, ताई, जालोरपर्यंत गेलात तरी पुरे.

आर्नोकाठ यांचे ‘पान’ आणि ‘कान’ वाचून मी खुर्चीतून उठलो, कारण आपलेही पान आणि कान असेच घडले आहेत. संस्कृत पर्ण, प्राकृत पण्ण, मराठी पान. कर्ण, कण्ण, कान. जोडाक्षर सुटलं, मागचा स्वर लांबला आणि शेवटचा ‘अ’ बोलण्यातून गळाला. हत्थचा हात झाला, सत्तचा सात, कम्मचं काम. आपण लिहितो अजन्त आणि बोलतो हलन्त. व्हेनिसच्या माणसासारखे आपणही शेवट टाकून देणारे.

मराठीची आजी मात्र तशी नव्हती. महाराष्ट्री प्राकृतात स्वरांमधली व्यंजनं इतकी विरघळली होती की ‘कइ’ म्हटलं तर कवी, कपी किंवा कति, काहीही असू शकतं. नाटकातल्या स्त्रिया बोलायच्या शौरसेनी या दुसऱ्या प्राकृतात, पण गायची वेळ आली की गाणं महाराष्ट्रीत. राजशेखर कवीनं ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकात सरळ म्हटलंय की संस्कृत रचना कठोर, प्राकृत रचना सुकुमार. स्वरांनी भरलेली, गाण्यासाठी ठेवलेली भाषा एकेकाळी आपल्या घरात होती. तुम्हाला अव्वाचं उघडं दार ओळखीचं का वाटलं असेल, याचं उत्तर कदाचित तिथं असेल. हे शास्त्र म्हणून सांगत नाही, तुमचा प्रश्न वाचून मनात आलं ते सांगतो.

कावेरीकाठ:

मी तंजावरची मराठी, सध्या चेन्नईत. आमच्या घरात मराठी तीनशे वर्षांपासून आहे, व्यंकोजीराजांच्या वेळेपासून. गाणं शिकले कर्नाटक संगीतातलं, म्हणजे बरंचसं तेलुगूतलं.

तंजावरचा मामला ऐका. गाव तमिळ, राजे मराठी, आणि गाण्याची भाषा तेलुगू. आमचे शहाजीराजे (शिवाजी महाराजांचे पुतणे, गादीवर १६८४ ते १७१२) स्वतः तेलुगूत प्रबंध लिहायचे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा मराठी इतिहास १८०३ साली कोरला गेला, आणि त्याच वेळी तिथून जवळच तिरुवैयारूला संगीतकार त्यागराज तेलुगूत कृती (गाणी) रचत होते. तेलुगू का, हे गायला बसलं की कळतं. ‘एंदरो महानुभावुलु अंदरिकि वंदनमु’. रो, लु, कि, मु. प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर थांबवायला जागा आहे. तमिळमध्ये शब्द ‘न्’ किंवा ‘ळ्’ वर संपला की गळा मिटतो, त्या आधीच्या स्वरावर सगळं काम उरकावं लागतं. माझ्या गुरू सांगायच्या, तेलुगूत शब्द संपतो पण श्वास अडत नाही.

मराठीचं सांगू? अभंग गाताना तुम्ही ‘विठ्ठल’ म्हणता का? म्हणता ‘विठ्ठलऽऽ’. जुनं पान म्हणाले तो गळालेला ‘अ’ गाताना परत येतो. टाळ वाजू लागला की मराठीही अजंत होते.

आता टोपणनाव. सुब्रमण्य भारती तमिळ कवी, त्यांनी एका गाण्यात तेलुगूला नुसतं तेलुगू म्हटलेलं नाही, ‘सुंदर तेलुंगु’ म्हटलंय. चांदण्या रात्री सिंधू नदीवर नाव वल्हवायची, बरोबर केरळच्या मुली, आणि ओठावर सुंदर तेलुगूतलं गाणं, असं ते चित्र आहे. तमिळनाडूत आज ‘सुंदर तेलुंगु’ हे दोन शब्द जोडीनंच येतात. तमिळवर जीव ओवाळणाऱ्या माणसानं शेजारच्या भाषेला हे नाव दिलं, म्हणून मला ते त्या इटालियन नावापेक्षा मोठं वाटतं. मिशनरी कॉल्डवेलनंही (त्याचं द्रविड भाषांचं व्याकरण १८५६चं) कानाला गोड लागण्यात तेलुगूला तमिळच्या वर ठेवलं, आणि तोही आयुष्याचा बराच काळ तिरुनेलवेलीकडे तमिळमध्येच राहिलेला.

त्याच गाण्यात भारती आपल्यालाही विसरलेले नाहीत. सिंहासारख्या मराठ्यांकडून कविता घेऊ आणि त्यांना चेर देशाचे, म्हणजे केरळचे, हस्तिदंत भेट देऊ, असं म्हणतात. ताई, दोन घरांच्या देण्याघेण्याला यापेक्षा चांगली ओळ मला सुचत नाही. आणि उद्द्योतनसूरींचे मराठे म्हणतच होते, दिण्णले गहिल्ले.

कुर्डू:

काल रात्री सगळं दोनदा वाचलं. कोंतीला सोडलं. आर्नोकाठ, तुमचं ‘आउतोबुस्से’ मात्र मुलाला सांगितलं, तो आणि होणारी सून दोघं फोनवर हसत होते. ती म्हणाली, तिची आजी ट्रेनला ‘रैलु’ म्हणते आणि मोबाइलला ‘सेल्लु’.

भाषण असं ठरवलंय. अव्वापासून सुरुवात करणार. ‘अंडुगुंडु’ सांगणार, लपवणार नाही, आणि तुळतुळीत डोक्यावरून फिरवलेला हातही सांगणार. मग विजयापुरीचा बाजार, एका बाजूला दिण्णले गहिल्ले, दुसऱ्या बाजूला अटि पुटि रटि, दोघं एकाच पेठेत. त्यानंतर भारतींची नाव. मुलीकडचे तेलुगूतून ऐकतील, सून शेजारी उभी राहून सांगणार आहे. मराठी–तेलुगूची जवळीक शोधताना मला आणखी एक मिळालं, आपण व्याही म्हणतो, ते ‘वियंकुडु’. एवढं सारखं असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी एक वाक्य मला स्वतःला तेलुगूत म्हणायचंय, विहीणबाईंकडे बघून. पुस्तकावरून जुळवलंय: ‘मी तेलुगु तेनेला तिय्यगा उंटुंदि’. तुमची तेलुगू मधासारखी गोड आहे. मागवाला दादा, बरोबर आहे का?

मागवाला:

बरोबर आहे ताई, पण ते टीव्हीवरचं आहे. माणसं हनमकोंड्याची. तिकडे आमच्यासारखंच बोलतात. असं म्हणा: ‘मी तेलुगु तेने लेक्क तिय्यग उंटदि’. ‘लेक्क’ म्हणजे सारखं. ‘उंटुंदि’चं ‘उंटदि’. हे ऐकलं की त्यांना कळेल की तुम्ही पुस्तकातून नाही, अव्वाकडून शिकलाय.

‘मी’ दीर्घच ठेवा. तुमच्या मराठी माणसांना वाटेल तुम्ही स्वतःबद्दल बोलताय, पण आमच्याकडे ‘मी’ म्हणजे तुमचं. ‘तेने’मधला पहिला ए लांब, दुसरा तोकडा.

आणि शेवटचा ‘दि’ गिळू नका. सावकाश म्हणा आणि इ पूर्ण होईपर्यंत थांबा. मराठी माणसाचं तिथंच चुकतं.